तिसऱ्या हाकेची ओ

शेफाली, सारे मले म्हणून राह्यले, "बाई, दाबा आता." डॉक्टरसाहेब म्हणतात, सिस्टर म्हणते, नागपूरचा तो कॉम्प्युटरवाला रोज फोन करून म्हणते. दाबायचं काय, तर माझ्या मोबाइलमधलं एक बटण. ते दाबलं का आपल्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधून तू गेली. माणूस गेला का त्याच दिवशी त्याचं दार बंद, हा नेम तुझाच. अन् मोठं दार बंद करायले दोघांचं 'हो' लागते, हाही तुझाच. एक 'हो' डॉक्टरसाहेबांनी देऊन टाकलं. दुसरं माझ्या बोटावर अडलं आहे.

नाई दाबलं मी. तुले नदीवर नेलं, आम्ही परत आलो, लुगड्यातला धुराचा वासही धुऊन गेला, तरी नाई दाबलं. पडद्यावर तुझा तो फोटो आहे ना, प्राणहितेच्या काठावरचा, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले अन् तू हसून राह्यली. बाजूले हिरवा ठिपका. हिरवा म्हणजे दार चालू, लाल म्हणजे बंद, तूच शिकवलं. अख्ख्या दुनियेत तेवढ्या एकाच जागी तू अजून चालू आहे. तिथी माझ्या हातानं लाल कसं करू, सांग.

तुझी आई पायरीवर बसून राहते. परवा मुलचेऱ्याच्या बसनं गेली होती मी तिच्याकडे. मले पाहून उठली अन् तिनं माझ्या मागं पाहिलं. आपण दोघी तुझ्या गाडीवर जायचो ना, मी आधी उतरायची अन् तू गाडी सावलीत लावून मागून यायची, म्हणून तिची नजर मागं गेली. मग तिले आठवलं. पोरी, तिचं ते आठवणं पाहण्यापेक्षा मी मेली असती तर बरं होतं. माझ्यासारख्या म्हातारीचं काय अडलं होतं इथी?

तुझ्याशी भांडायचं होतं मले. आपलं भांडण अर्धंच राह्यलं.

तू यायच्या आधी आपला दवाखाना कसा होता, ते तुले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. दाराले कडी नाई. कॉम्प्युटर एक, पासवर्ड एक, गावदेवीचं नाव, अन् तोही कॅलेंडरवर पेनानं लिहिलेला, कारण विसरलं तर कोण शोधत बसन? ज्याले पायजे तो बसे. आपलेच लोक, चोरी करन कोण? अन् पंख्याखालची, पाठ टेकता येईन अशी खुर्ची अख्ख्या दवाखान्यात एकच होती, ती कॉम्प्युटरसमोरची. आमच्या इकडं पाव्हणा आला का चांगली जागा त्याची. म्हणून पेशंटसोबत कोणी थकलं-भागलं, दूरचं माणूस आलं का आम्ही त्याले त्याच खुर्चीत बसवायचो. पाणी द्यायचो, चहा द्यायचो अन् आपापल्या कामाले जायचो. पडदा उघडाच.

तसाच एक पाव्हणा बसला. चांगला माणूस होता, वाईट नाई. पोरासाठी सोयरीक पाहून राह्यला होता. पडद्यावर सिकलसेलच्या तपासणीचे नावं होते. सिकलसेल म्हणजे रक्ताचा आजार, मायबापाकडून लेकरात येते, अन् आमच्या पट्ट्यात लय घरात आहे. त्या नावांत आपली मैना होती, त्यानं पोरासाठी पाहिलेली. मैनाले आजार नव्हता, नुसती रक्तात खूण होती, ती धडधाकट पोरगी. पण तेवढं त्या माणसाले कुठी समजते? सोयरीक मोडली. पुढची आली, तीही मोडली. गावात गोष्ट फिरली ती फिरली. मैनाची माय माझ्या अंगणात येऊन उभी राह्यली, आत आली नाई, म्हणे, "बाई, तुमच्या भरोशावर बोटातलं रक्त देलं होतं."

कोणी चोरलं नव्हतं, शेफाली. आम्हीच खुर्ची देली होती.

त्याच्यानंतर डॉक्टरसाहेबांनी तुले आणलं. बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातली पोरगी, नागपूरले कॉम्प्युटर शिकलेली, ओढणी कमरेले बांधून दवाखान्यात शिरली. अन् पहिलं काम काय केलं, तर ती खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवली अन् स्वतः प्लास्टिकच्या स्टुलावर बसली. "मासी," म्हणे, "पाव्हण्याची खुर्ची बाहेर." सारे मले बाई म्हणतात. तू आल्या दिवशीपासून मासी, तुमच्या बंगालीतली मावशी.

मग बैठकीत तू सांगतलं का आता इथी झिरो ट्रस्ट चालन.

"म्हणजे काय वं?" मी विचारलं.

"म्हणजे भरोसा शून्य, मासी. आतला माणूस असो का बाहेरचा. दरवेळी विचारायचं, कोण आहे, कशाले आला. जेवढं काम तेवढंच दार उघडायचं. काम झालं का बंद."

"भरोसा शून्य? मग दवाखाना कशावर चालवते, ऑक्सिजनवर?"

सारे हसले. तूही हसली, पण मागं नाई सरली. एकदम काही केलं नाई तू. आधी सिकलसेलची खोली, मग औषधांची, मग बाळंतपणाची. खोली म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली, हे मले समजायलेच पावसाळा गेला. ज्याचं त्याचं नाव वेगळं, ज्याची त्याची चावी वेगळी, अन् चावी लावली तरी हातातला मोबाइल आणखी एकदा विचारणार, तूच आहे ना? औषधवाल्याले औषध दिसन, आजार नाई. गाडीवाल्या गजाननभाऊले गाव दिसन, घर दिसन, पण पेशंटले काय झालं ते नाई दिसन. भाऊ किती तणतणले! "पूरी जिंदगी या गाडीवर गेली माझी. आता मी चोर झालो का?"

"काका, गाडी चालवायले आजाराचं नाव कशाले पायजे? तुम्हाले माहीतच नसन तर कोणी दारू पाजूनही तुमच्याकडून काढू शकत नाई."

"पाजून तर पाहा म्हणा!" भाऊ म्हणाले, अन् तिथी त्यांचा राग संपला.

डॉक्टरसाहेबांचा मात्र संपला नव्हता. त्या दिवशी बाहेर लाईन लागली होती अन् कॉम्प्युटरनं त्यांनाच आत घेतलं नाई. टेबलावर हात आपटून म्हणाले, "हा दवाखाना मी उभा केला!" सिस्टरनं मान खाली घातली. मी पदर तोंडाले लावला. तू स्टुलावरून उठली अन् शांतपणे म्हटलं, "सर, तुमच्यावर शक नाई. तुमच्या नावावर आहे. नाव कोणीबी घेऊ शकते."  साहेबांनी खिशातून मोबाइल काढला, अंगठा ठेवला अन् आत गेले. त्या दिवसानंतर दवाखान्यात कोणी मोठ्यानं कुरकुर केली नाई. हळू केली ती केली.

अन् एक दिवस तू मले बोलावून दाखवलं का जे लोक नोकरी सोडून गेले, त्यांचे सारे दारं अजून उघडेच आहेत. आपले कंपाउंडरभाऊ वारले, त्यांचंही. हिरवा ठिपका. तू लगेच लाल केला. मी म्हटलं, "राहू दे वं, भाऊचं नाव तेवढंच उरलं." तू म्हटलं, "मेलेल्या माणसाच्या नावानं दुसऱ्या कोणी आत येऊ नये, मासी. त्यांचाच अपमान आहे तो."

ऐकून राह्यली का? तेव्हाही मले लाल करू वाटत नव्हतं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी तुले म्हटलं, यात तू नवं काय सांगतलं? आमच्या रानात हेच चालते. मोहफुलं वेचायले अंधुक उजेडात गेलं अन् कोणी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेले ओ द्यायची नाई. दुसरीलेही नाई. मेलेलं माणूससुद्धा हाक मारते, पण त्याले तिसरी हाक मारता येत नाई. तिसरी आली म्हणजे जितं माणूस आहे, अडलं आहे, मग ओ दिल्याशिवाय राहायचं नाई. तू तर टाळीच वाजवली. "ओ मा! मासी, हेच तर!" अन् मग गावोगावच्या बैठकीत बायांना तू तेच सांगाले लागली. कोणी फोन करून म्हणन, मी दवाखान्यातून बोलतो, तुमच्या पोरीची तपासणी सांगा, तर समजा रानातली हाक आली. बाया मान हलवत. कारण ते त्यायच्या घरचंच होतं.

पण परत येताना गाडीवर तू म्हणे, "तीनवर थांबायचं नाई, मासी. चोरही तीनदा हाक मारते."

मले राग आला. "मग माणसानं किती हाका मारायच्या?"

"हाकांनी होत नाई. तोंड दाखवायचं."

"अन् जो तोंड दाखवूच शकत नाई त्याचं काय? नाल्याले पूर आला, पलीकडून कोणी हाक मारून राह्यलं. खरंच अडलं आहे. त्याले काय म्हणशील, आधी इकडं ये?"

तू गाडी हळू केली. आरसा होता गाडीले, त्यात मी पाहत होती तुझं तोंड. मग म्हणे, "त्याचं उत्तर मले नाई माहीत, मासी." अन् पुढच्या खेपेले पुन्हा तेच भांडण. मलेच मजा यायची काढायले.

तुझ्या मोठ्या दाराची, जिथून साऱ्या खोल्या उघडतात, दुसरी चावी तू माझ्याकडं देली, तेव्हा मी घाबरली होती. मी अक्षरं शिकली ती औषधांच्या खोक्यांवरून, मले कशाले? तू म्हटलं, "तुम्हाले नाई म्हणता येते. बाकीच्यांना लाज वाटते." मग रोज सकाळी माझा मोबाइल वाजायचा. शेफाली आत येऊ मागते. हो? नाई? मी व्हरांड्यातून खिडकीत पाहायची, तू स्टुलावरून हात हलवायची, अन् मी 'हो' दाबायची. कधी मुद्दाम 'नाई'. तू आतून ओरडायची, "मासी!" मी म्हणायची, "तोंड नीट दिसलं नाई वं."

तो आवाज पायजे मले. बाकी काही नको. तेवढा आवाज कोणी आणून देईन तर मी आपला अर्धा जीव देते.

अहेरीच्या बाजारात तुले बांगड्या भरत होतो तेव्हा कासारीण म्हणे, "बाई, पोरगी का तुमची?" मी म्हटलं, "नाई जी, आमची कॉम्प्युटरवाली आहे."  तू म्हणे, हिरव्या बांगड्या नको, निळ्या द्या. मले लेकरू नाई, साऱ्यांना माहीत आहे. तुले माय होती, चांगली जिती माय होती, म्हणून मी तसं म्हटलं. दुसऱ्याच्या पोरीवर हक्क कसा सांगायचा? पण कासारणीनं विचारलं तेव्हा तू माझ्याकडं पाहिलं होतं. ते पाहणं मी घरी घेऊन आली अन् तसंच ठेवून देलं.

आता त्या रस्त्याचं. आलापल्लीच्या वाटेवर ट्रकनं तुले उडवलं तेव्हा आपलं कोणी तिथी नव्हतं. पानठेल्यावरच्या लोकांनी मग सांगतलं. शुद्धीवर होती म्हणे तू. एक माणूस वाकला तुझ्याजवळ. कोण होता कोणाले ठाऊक? तू त्याच्या हाती आपला मोबाइल देला. स्वतःच्या अंगठ्यानं उघडून देला. "माझ्या आईले लावा," म्हटलं.

तू, शेफाली. जी साहेबांना दारात उभं ठेवायची. कोण आहे विचारलं नाई, कशाले आला विचारलं नाई. उघडून देला.

अन् त्यानं लावला. तुझ्या आईनं तुझा आवाज ऐकला, तू 'मा' म्हटलं. तेवढा एक शब्द आता तिच्यापाशी आहे, तेच ती पायरीवर घेऊन बसते. तो माणूस नसता तर तेही नसतं. मग गर्दी झाली, गाडी आली, कोणी तुले उचललं, अन् मोबाइल कोणाच्या हाती गेला ते समजलं नाई. उघडा मोबाइल.

नाल्यापलीकडून हाक मारणारी तूच निघाली ना, पोरी? उत्तर माहीत नाई म्हणत होती अन् देऊन गेली. भांडण मी जिंकली का मग? आग लागो अशा जिंकण्याले.

तू गेल्यावर इथी काय चाललं ते सांगत नव्हती तुले. सांगते. खुर्ची परत आत आली. कोणी आणली माहीत नाई, उन्हाचे दिवस, पंख्याखाली कोणी म्हातारं बसवलं असन. स्टूल कोपऱ्यात. तुझ्यानंतर लागलेली नवीन पोरगी सिस्टरच्या नावानं काम करून राह्यली, कारण तिची चावी बनवायले तू नाई. कॅलेंडरवर पुन्हा पेनानं काहीतरी लिहिलेलं आहे.  तू एवढा जीव लावून उभं केलं अन् ते माझ्या डोळ्यांसमोर मातीत जाऊन राह्यलं, अन् माझ्यात उठायची ताकद नाई. साहेब समजावून गेले, "बाई, तो मोबाइल कोणाजवळ आहे आपल्याले माहीत नाई. तिचं दार अजून चालू आहे, तुमच्या एका 'हो'वर उघडते. आत साऱ्या पोरींचे नावं आहेत." मी म्हटलं, उद्या दाबते. रोज उद्या.

आज अहेरीचा बाजार. म्हणून दवाखान्यात गर्दी नव्हती. दुपारी मी व्हरांड्यात बसली होती, अन् माझा मोबाइल वाजला.

शेफाली आत येऊ मागते. हो? नाई?

तुझा फोटो. केस तोंडावर आलेले.

 मोबाइल ओट्यावर ठेवला अन् दूर सरकली, जसा काही इंगळ्या विंचू असन. थोड्या वेळानं बंद झाला. मी खिडकीत पाहिलं. सवय आहे. कोपऱ्यातला स्टूल रिकामा.

पुन्हा वाजला. शेफाली आत येऊ मागते.

मी तुझं नाव घेतलं, मोठ्यानं. व्हरांड्यात कोणी नव्हतं ऐकायले. साऱ्यांना माहीत असलेली गोष्ट मलेही माहीत होती, का कोण्या परक्याच्या हाती तुझा मोबाइल आहे अन् तो दारं ठोकून पाहून राह्यला. डोकं सांगत होतं. पण मोबाइल बंद झाला अन् मी काय केलं असन? वाट पाहिली. देवाची आण, तिसरीची वाट पाहिली.

तिसऱ्यांदा वाजला.

आमच्या बाप-आज्याच्या नेमानं तू जिती होती त्या वेळी, शेफाली. तिसरी हाक मेलेल्याले मारता येत नाई. माझं बोट 'हो'वर गेलं. खोटं नाई सांगत. वाटलं, पूर आहे मधात, एवढंच. पोरगी तोंड दाखवू शकत नाई, एवढंच आहे. 'हो' म्हटलं का पूर उतरन. चुकलं तर चुकलं, दवाखाना जळू दे, पण एकदा 'हो' म्हणू दे.

अन् बोट तसंच ठेवून मी पुन्हा खिडकीत पाहिलं. पंख्याखालच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. जिवतीकडून आलेला, धूळ चढलेली, पाण्याचा गिलास दोन्ही हातांनी धरलेला. कोण्या पोरीचा बाप. त्याची पोरगी आत सिस्टरजवळ बोट पुढं करून उभी होती. बोटातलं रक्त द्यायले. आमच्या भरोशावर.

"चोरही तीनदा हाक मारते, मासी." कानात बोलल्यासारखं आलं. मेलेल्या माणसाच्या नावानं दुसऱ्या कोणी आत येऊ नये.

मी 'नाई' दाबलं.

मग ते दुसरं बटण उघडलं, जे इतके दिवस मी उघडत नव्हती, अन् तेही दाबलं. ठिपका लाल झाला. फोटो करडा झाला, केस तसेच. नागपूरवाल्याचा लगेच फोन आला, "बाई, वाचवलं तुम्ही." मी फोन ठेवून देला. काय वाचवलं? कोणाले वाचवलं?

आत गेली. त्या माणसाले म्हटलं, "भाऊ, उठा जी. खुर्ची बाहेर नेते, तिथी वारा चांगला आहे." तो बिचारा स्वतःच उचलून घेऊन आला. कॅलेंडरचं पान मी फाडलं. कोपऱ्यातला स्टूल पुसून कॉम्प्युटरसमोर ठेवला अन् नवीन पोरीले त्याच्यावर बसवलं, म्हटलं, उद्या तुझी चावी बनन, तोपर्यंत कोणाच्या नावानं शिरायचं नाई. मले येते तेवढं मी शिकवीन. येतेच किती? पण तू ज्या जागी ठेवलं, त्या जागी उभी राहीन.

अन् मग माझ्याच्यानं उभं राहवलं नाई. मागच्या दारानं निघाली, मोहाच्या झाडाखाली गेली. तिसरी हाक आली होती, पोरी. तुझा नेम पाळून झाला होता, आमचा राह्यला होता. तिसरीले ओ द्यावीच लागते. नदीकडं तोंड केलं अन् छातीत होता तेवढ्या जोरानं ओ देली. पुन्हा देली.

सिस्टर धावत आली. "बाई! कोण बोलावून राह्यलं तुम्हाले?"

"माझी पोरगी," मी म्हटलं.